काचेवरची साय

“पंखा पूर्ण करा,” मिस्त्री म्हणाला.

सिस्टरनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. डॅशबोर्डच्या जाळीतून वारा घोंघावत वर आला. मिस्त्रीनं कागदाचा कपटा जाळीवर धरून सोडला. तो उडून थेट समोरच्या काचेला चिकटला. काचेवरचं धुकं मात्र जागचं हललं नाही.

“वाऱ्याला जोर आहे. म्हणजे पंखा ठीक, वाट मोकळी. आता हात धरून बघा. गरम लागतो?”

“कोमट. पण मिस्त्री, हा खटाटोप कशाला? अकराला गिऱ्हाईक येतंय. विकतेय मी गाडी, डोळे साथ देत नाहीत.”

“येऊ द्या. आजारी गाडी मी कुणाच्या गळ्यात बांधत नाही.”

सिस्टर एकसष्ट वर्षांच्या होत्या. बावीस वर्षं त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले पेशंट बघत होत्या. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाला नुसतं कूस बदलून द्यायचं. सकाळी सातला निघायच्या, थंडी असो की पाऊस. या हिवाळ्यात मात्र रस्ता दुधात बुडवल्यासारखा दिसायला लागला. काच पुसली तरी तेच. महिन्यापूर्वी एक सायकलवाला अगदी बंपरशी आल्यावर दिसला. तो थोडक्यात वाचला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, घाई नाही. मुलगा म्हणाला, “आई, सुरुवात म्हणजे सुरुवात. आता पुरे.” सायकलवाल्याचा चेहरा आठवून त्यांनी मान डोलावली. पाच पेशंटना ‘उद्यापासून येणार नाही’ हे सांगणं तेवढं राहिलं होतं. रोज सांगायचं ठरवत आणि रोज तशाच परत येत.

आज मुलगाच गाडी घेऊन वर्कशॉपवर आला होता. सिस्टर जवळच्या पेशंटकडून पायी आल्या होत्या. तो दाराशी बाकावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. इंजिनातून हीटरकडे दोन नळ्या जात होत्या. पहिलीला बोट लावून त्यानं झटकन मागे घेतलं. दुसरी मात्र खुशाल मुठीत धरली.

“एक तापलीय, एक गार. गरम पाणी हीटरमधून फिरतच नाही.” त्यानं इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, कूलंटची बाटली हलवली. तळाला घोटभर होतं. वाकून गाडीखाली पाहिलं, तर फरशी कोरडी ठणठणीत. “कमी झालंय, पण बाहेर गळत नाही. मग जातंय कुठं?”

उत्तराची वाट न बघता त्यानं डावीकडचं दार उघडलं आणि पायाखालची मॅट उचलली. खालचं कापड चिंब होतं, चिकट होतं. त्यानं वास घेतला. गोडसर. मग काचेवर आतून एक बोट ओढलं आणि ते सिस्टरपुढे धरलं.

सिस्टरनी तो ओलावा आपल्या बोटांवर घेऊन चोळला. आयुष्यभर मलम लावलेली बोटं ती. “हे पाणी नाही,” त्या म्हणाल्या.

“नाहीच. हीटरचा आतला सांधा झिरपतोय, कूलंट आत येतंय. त्याची वाफ होते आणि पंखा ती काचेवर फेकतो. दुधावर साय धरावी तसा थर बसलाय. फडक्यानं तो जात नाही, पसरतो. सिस्टर, माझी मुलगी वीस वर्षांची आहे. या काचेतून तिलाही तुमच्याइतकंच दिसलं असतं.”

 सिस्टर हळूच म्हणाल्या, “आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.” आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या.

पुढचा दीड तास त्या तिथून हलल्या नाहीत. मिस्त्री डॅशबोर्डखाली उताणा झोपला आणि त्यांनी टॉर्च धरला. सांध्यातली रबरी कडी वाळून तडकली होती. त्यानं नवी बसवली, कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून नळ्यांत अडकलेली हवा काढून टाकली. काच पुसायला तो फडकं शोधू लागला, तेव्हा सिस्टरनी बॅगेतून स्पिरिट आणि कापूस काढला. “जखम साफ करणं माझं काम,” म्हणाल्या आणि काचेचा कोपरान् कोपरा स्वतः पुसला.

शेवटी मिस्त्रीनं बाहेरून काचेवर गार पाण्याची बादली ओतली. आतून काच पुन्हा धुरकटली. सिस्टरनी पंखा लावला. या वेळी वारा चांगला चटका देणारा आला. धुकं खालून वर विरत गेलं आणि दीड मिनिटात काच आरपार झाली. समोर शिंप्याचं दुकान होतं. पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ सिस्टरनी मोठ्यानं वाचली, “कपडे दिलेल्या दिवशीच मिळतील असा आग्रह धरू नये.”

मिस्त्री हसला. मुलगा हसला नाही. तो गाडीजवळ येऊन उभा राहिला होता.

सिस्टरनी खिडकी खाली केली. “सकाळी तू चालवत आणलीस ना गाडी? तुला दिसत होतं?”

त्यानं मोबाईल खिशात टाकला.

“मी विचारतेय काहीतरी.”

“नव्हतं दिसत,” तो म्हणाला. “मागच्या महिन्यात चालवली, तेव्हाही नव्हतं.”

“आणि मला मोतीबिंदू सांगत बसलास?”

“गाडी नीट झाली असती तर तू थांबली असतीस का, आई? रोज तू परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.”

 सिस्टरनी हात लांब करून शेजारचं दार उघडलं.

“त्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळव आणि बस. पाच घरं आहेत. माझ्याबरोबर आत चल, पेशंटच्या उशाशी उभा राहा, आणि ‘उद्यापासून आई येणार नाही’ हे तूच सांग.”