उभं आहे

दर शरदात मी आमच्या अक्रोडाच्या जंगलात छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून झाडांचे घेर मोजते. झाडांनी हवेतला किती कार्बन गिळला, ते त्यावरून कळतं. यंदा सगळ्यात थोराड झाडाच्या जागी नुसता कापलेला बुंधा होता.

"झाड कुणाच्या घशात घातलंत, कुबात आका?" मी वनप्रमुखांना विचारलं.

"उभं आहे असं कळव, झुमागुल. वर कोण बघायला येतंय?"

"लाज नाही वाटत?"

ते हसत बुंध्यावर चढले. "हे घे, मीच तुझं झाड. मोज!"

माझं डोकं फिरलं. मोजतेच, म्हटलं. त्यांच्याभोवती टेप फिरवून मी रागारागाने आवळली.

टेप त्यांच्या कमरेला टेकलीच नाही. हातभर अलीकडे, रिकाम्या हवेत, ती गोल ताठ थांबली.

आकांचं हसू गेलं. "झुमागुल, मला हलता येत नाहीये."

"तुम्हीच म्हणालात ना, उभं आहे?"

त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मी टेपवरचा आकडा वाचला. गेल्या शरदापेक्षा घेर बोटभर वाढला होता.