फाटकावरची मास्तरीण

“अगं दोब्रिने, सरक की जरा. टेबलाखालून काढते न् लगेच परत आणते हिला.” त्सोना आजीनं नातीचा हात घट्ट धरला होता. पोर हिवाळाभर खोकत होती.

“नाही म्हटलं ना, आजी.”

दोब्रिना चर्चच्या फाटकात दोन्ही हात पसरून उभी होती. गुड फ्रायडे होता. आत वेदीसमोर फुलांनी झाकलेलं उंच टेबल मांडलं होतं. त्यावर ख्रिस्ताच्या कलेवराचा भरतकाम केलेला पट. त्या टेबलाखालून वाकून गेलं की वर्षभर दुखणं शिवत नाही, हे गावात कुणी कुणाला शिकवावं लागत नसे. यंदा मात्र देवधर्म न मानणाऱ्या नव्या सरकारचा हुकूम आला होता: शाळेतलं पोर चर्चमध्ये दिसता कामा नये. मुख्याध्यापक ग्रोझेवनी पहारा मुद्दाम तिलाच दिला. “पाद्र्याची मुलगी तुम्ही. तुमच्यावर वरच्यांचं जास्त लक्ष. एक पोर जरी आत गेलं, तर शाळा विसरा.”

शाळा विसरा! ती शाळा तिच्या पणजोबांनी चर्चमागच्या खोलीत सुरू केली होती. तेही पाद्रीच. पुढे आजोबांनी नव्या इमारतीचे दगड स्वतःच्या बैलगाडीतून वाहून आणले. या घरातल्या पुरुषांनी वेदीपाशी उभं राहायचं आणि बायकांनी गावच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावायची, असंच चालत आलेलं. दोब्रिनालाही दुसरं काही येत नव्हतं आणि नको होतं. आता त्याच घरातली बाई पोरांना हाकलत होती.

सगळ्यात जास्त राग तिला वडिलांचा येत होता. काल ते ईस्टरची अंडी लाल रंगात बुडवत बसले होते, तेव्हा तिनं हात जोडले होते. “बाबा, या वर्षी टेबल मांडू नका. आजारी आहे म्हणा.”

“मी आजारी नाही,” एवढंच म्हणाले पाद्री कोस्तादिन, आणि पुढचं अंडं उचललं. आज सकाळपासून तिच्या अंगावरून येत-जात होते, पण मुलीकडे मान वळवली नव्हती. तिची नोकरी गेली काय, राहिली काय, त्यांना टेबल मोठं!

“कुंपणच शेत खायला लागलं, तर कुणाला सांगायचं, बायांनो!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या. भिंतीला टेकून उभी असलेली तिच्याच वर्गातली पोरं बुटांकडे बघत राहिली.

“आणि उद्या हिला ताप चढला, तर तुझा तो हुकूम हिच्या उशाशी ठेवू का गं?” त्सोना आजीनं विचारलं.

दोब्रिनानं फाटकाबाहेर नजर वळवली. हात मात्र खाली आले नाहीत.

तेवढ्यात आतून लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. दार उघडलं. वडील आणि घंटा वाजवणारा म्हातारा, दोघं मिळून टेबल उचलून आणत होते. फुलांसकट, पटासकट.

“मास्तरीणबाई, वाट द्या,” वडील म्हणाले. दिवसभरातलं पहिलं बोलणं, तेही परक्यासारखं.

ती बाजूला झाली. टेबल फाटकाबाहेर, रस्त्याच्या मधोमध टेकलं.

“या रे पोरांनो. डोकी सांभाळा.”

त्सोना आजीची नात पहिली घुसली. मग सगळी शाळाच रांगेला लागली. दोब्रिना फाटकात पुन्हा हात पसरून रिकाम्या चर्चची राखण करत राहिली. तिचे डोळे संतापानं भरून आले. आख्ख्या गावासमोर हसं केलं माझं, सख्ख्या बापानं!

कुणीतरी वर्दी दिली असावी. पोलीस मिंको सायकलवरून धापा टाकत आला.

“पाद्रीबाबा, काय हे? भिंतीच्या आत काय वाट्टेल ते करा. बाहेर विधी करायला सक्त मनाई आहे, ठाऊक नाही तुम्हाला?”

“ठाऊक आहे.”

“मला न्यावं लागेल तुम्हाला. तुरुंग आहे याला.”

“शेवटचं पोर जाऊ दे, मग येतो.”

मिंकोनं नाइलाजानं कागद-पेन्सिल काढली. “आणि या बाई? यांच्या देखत झालं ना सगळं?”

तेव्हा पाद्री कोस्तादिननी पहिल्यांदा मुलीकडे पाहिलं.

“नीट लिहून घे, मिंको,” ते म्हणाले. “बाईंनी दिवसभर फाटक राखलं. एकही पोर आत आलेलं नाही.”