नवमीचं पान

चैत्रालीकाकूंचा फोन आला तेव्हा खीर उतरवून झाली होती. "माई, ट्रेन कॅन्सल झाली हो! ट्रॅकवर समुद्राचं पाणी आलंय म्हणे. मी बर्मिंगहॅमलाच अडकलेय."

माईंनी फोन ठेवला. अविधवा नवमीचा दिवस. गेलेल्या सुनेच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, तर फोटोपुढे पाट मांडलेला, पान वाढलेलं, आणि सवाष्णीचाच पत्ता नाही. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या त्या अवाढव्य दगडी घराच्या आसपास दुसरं मराठी माणूस औषधालाही सापडायचं नाही.

"आजी, मिस बसेल ना," नातीनं, अन्वीनं तिच्या मोडक्या मराठीत तोडगा काढला. "मिसला भूक पण लागला आहे."

"सवाष्ण लागते गं. तुझ्या मिसचं कुठं लग्न झालंय?" माई बोलत होत्या अन्वीशी, पण बघत होत्या मुलाकडे.

अन्वीची मिस, आश्लेषा, दाराशीच उभी होती. अन्वीला शिकवायला म्हणून ती या घरात राहायला आली, आणि गेल्या महिन्यात अन्वीच्या बाबाशी, परीक्षितशी, रजिस्टर ऑफिसात गुपचूप लग्न करून बसली. गळाबंद पोलोनेक स्वेटरच्या आत मंगळसूत्र होतं. "आईला मी सांगतो, योग्य वेळ येऊ दे," असं तो रोज म्हणायचा. आता याहून योग्य वेळ कुठली यायची होती? बोल रे बाबा, तिनं मनातल्या मनात त्याला विनवलं.

परीक्षितनं घसा खाकरला. "आई, एक वर्ष राहिलं तर काही बिघडत नाही. पान फ्रिजमध्ये ठेवू."

आश्लेषाला आधी त्याची कीव आली. मग असा राग आला, की कानशिलं तापली. तिनं मंगळसूत्र बाहेर काढलं आणि सरळ पाटावर जाऊन बसली.

"आश्लेषा, what are you..." परीक्षितचं वाक्य अर्धवटच राहिलं. अन्वी आ वासून बघत होती.

माईंना मात्र नवल वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, आमसुलाची चटणी वाढली, वड्यांवर आणखी एक वडा ठेवला.

"जेव सावकाश. आणि तो बोलायची वाट बघत बसू नकोस." त्यांनी फोटोकडे बघितलं. "हिनं जन्मभर बघितली."