कोरडे बूट

"यांच्या पायाला कुठे जखम होती का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

लेकीनं चादर वर सारली. वडिलांच्या उजव्या अंगठ्याखाली बोटभर चीर होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. तिला ती आजच दिसत होती.

"दुखत नव्हतं," वडील म्हणाले. डोळे पिवळेधमक झाले होते, धाप लागत होती, पण बोलण्यातला ताठा तसाच.

साखरेच्या आजारानं त्यांचे पाय कधीचेच बधिर झाले होते. म्हणून तर लेकीनं ते मऊ, जाड तळव्याचे बूट आणून दिले होते आणि दम भरला होता, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. म्हाताऱ्यानं एरवी तिचा शब्द खाली पडू दिला नाही. पडू दिला तो एकदाच, त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानाच्या तळघरात पाणी तुंबलं आणि कागदाचे गठ्ठे भिजायला लागले तेव्हा.

"गुडघाभर घाण पाणी. त्यात असले बूट घालून कोण उतरेल? फळीवर ठेवले नि उतरलो."

"बूट पायांसाठी होते, बाबा."

"तू आणलेले होते."

कपाळावर हात मारून घ्यावा की गळ्यात पडून रडावं, तिला कळेना.

वडील डॉक्टरबाईंकडे वळले. "पार खिळखिळी झालेली पुस्तकं आणतात लोक माझ्याकडे. मी धड करून देतो. मलाही तसंच द्या हिला परत."

बाई हसल्या. लेकीला बाजूला घेतल्यावर मात्र हसल्या नाहीत.

"उंदरांच्या मुतातून पसरतो हा आजार. पाण्यातून आला, चिरेतून आत शिरला. मूत्रपिंडं साखरेनं आधीच थकलेली. आता हृदयालाही सूज आलीय, ठोके चुकताहेत. जे देता येतं ते सगळं चालू आहे."

"मग आता?"

"वाट बघायची."

उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यावरची ठोक्यांची हिरवी रेघ नीट चालता चालता मध्येच ठेचकाळत होती. लेकीच्या हातात काहीच उरलं नव्हतं. शेवटी ती पलंगाच्या पायथ्याशी बसली, वडिलांचे गार पडलेले दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि चोळत राहिली.

वडिलांनी डोळे मिटले होते. जरा वेळानं त्यांचा हात चादरीवर चाचपडू लागला.

"पोरी," ते म्हणाले, "गेलीस का गं?"