बहिणीच्या पेशी

दुशान्का हातमोजे घालून भावाच्या तळहाताला मलम लावत होती. बोट टेकेल तिथलं कातडं सरकत होतं.

"दुखतंय?"

"छे," विदाक म्हणाला. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

बेचाळीस दिवसांपूर्वी, रक्ताच्या कॅन्सरवर शेवटचा उपाय म्हणून, तिच्या रक्तातल्या मूळपेशी त्याला चढवल्या होत्या. चौदाव्या दिवशी त्याच्या रक्तात पहिल्या पांढऱ्या पेशी दिसल्या, तेव्हा ती काम करायची त्या शाळेच्या स्वयंपाकघरातून तिने ताटभर चीज भरलेली पेस्ट्री करून आणून नर्सेसना वाटली होती. नोवी साद शहरातल्या त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात इतकं हसू बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं.

मग अंगावर लाल चट्टे उठले.

"आधी आल्या त्या जंतू खाणाऱ्या पेशी," डॉक्टर रुझिच दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. "मागून आल्या त्या टी पेशी. त्या आपलं कोण, परकं कोण, ते बघतात. तुमच्या आहेत त्या, दुशान्का. त्यांना हे शरीर परकं वाटतंय."

"मग आवरा ना त्यांना!"

"आवरतोच आहोत. पण अगदीच दाबल्या तर कॅन्सर उलटेल. त्यालाही त्याच मारतायत."

डॉक्टर गेल्या. विदाकने मान तिच्याकडे वळवली.

"लहानपणी ओरबाडायचीस, तेवढ्यावर भागलं नाही वाटतं तुझं? आता आत शिरलीस."

ती हसता हसता रडू लागली. "मी दिल्याच नसत्या तर..."

"तर मार्चमध्येच गेलो असतो. रडू नकोस. कोपर राहिलंय बघ."

तिने कोपराला मलम लावलं.

पुढच्या आठवड्यात आतडी गेली, मग यकृत. गुरुवारी सकाळी, नर्सेसची पाळी बदलत असताना विदाक गेला.

शुक्रवारी दुशान्का त्याचे कपडे न्यायला आली. पिशवी घेऊन परत निघाली, तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडकीतून हाक आली. तिथली बाई तिला रोजची ओळखत होती.

"अहो, विदाकच्या ताई! बरं झालं दिसलात. त्याचा रिपोर्ट आत्ताच आलाय." तिने कागदावर बोट ठेवलं. "रक्तातल्या पेशी बहिणीच्या, शंभर टक्के. इतकं छान रुजलेलं क्वचित बघायला मिळतं हो. सुटला म्हणायचा तुमचा भाऊ!"

दुशान्काने कागद घेतला.

"सुटला," ती म्हणाली.