हदासाआजीच्या अटी

जुडाहला सुट्टी मिळाली ती नेमकी शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंतची, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, मधे आलाच. पनवेलच्या घरात तो लॅपटॉपवर थीम पार्कजवळची हॉटेलं दाखवत होता आणि त्याची आई, हदासा, एकेक नापास करत होती. एकाची खोली सातव्या मजल्यावर. शब्बाथला विजेचं काहीही चालवायचं नाही, म्हणून तिला लिफ्ट चालत नाही. दुसऱ्याचं दार कार्ड लावून उघडायचं. तेही चालत नाही. तिसऱ्याकडे नुसती चिकनची रेलचेल, पण कोशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांत बसणारं, काहीच नाही.

अखेर तळमजल्यावरची, साध्या किल्लीची, शाकाहारी जेवणाची खोली सापडली.

"शुक्रवारी दुपारीच निघू. पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये शब्बाथ लागायला नको," हदासा म्हणाली. "आणि शनिवारी मी गाडीत बसणार नाही. खोलीपासून पार्क चालत जाण्याइतकं जवळ आहे ना? तिथून आकाश मोकळं दिसतं ना?"

"आई, आता आकाशही बुक करू?" जुडाहचा आवाज चढला. "शब्बाथला तू एकाही पाळण्यात बसणार नाहीस. मग एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा घरीच थांब ना!"

नात मिखालने बापाकडे डोळे वटारले. हदासा मात्र शांतपणे म्हणाली, "आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ सुटतो. आकाशपाळणा तेव्हाही चालू असतो, मी फोन करून विचारलंय. तुम्ही दिवसभर हवं तेवढं बसून घ्या, पण शेवटची फेरी माझी!"