रिकाम्या पेटीतला ठिपका

सूनबाईचं काम उंदरांवरचं. कॅन्सरच्या पेशी चमकतील अशा करून ती उंदरांत सोडायची. मग अंधाऱ्या पेटीतला कॅमेरा निळ्या ठिपक्याने दाखवायचा, रोग कुठल्या हाडात जाऊन बसलाय ते.

"उंदरांचे फोटो काढायला एवढी शिकलीस?" तिचा विसरलेला चष्मा द्यायला प्रयोगशाळेत आलेल्या सासूबाई म्हणाल्या. कंबर ठणकत होती, पण खुर्ची मागतील त्या सासूबाई कसल्या! या दुखण्याबद्दल त्यांनी घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

सूनबाईने आधी रिकाम्या पेटीचा फोटो घेतला. रोजची रीतच ती. फोटो काळाकुट्ट यायला हवा. आज त्यात निळा ठिपका होता.

तिने पेटी पुसून पुन्हा फोटो घेतला. ठिपका होताच.

सासूबाईंनी अंगाचा भार दुसऱ्या पायावर टाकला. पुढच्या फोटोत ठिपका तेवढाच सरकला होता.

"आई, तुम्ही हललात का?"

"मी कशाला हलू? तुझं यंत्रच खुळं!" म्हणत त्या तडक बाहेर गेल्या आणि कंबर दाबून भिंतीला टेकल्या.

"ठिपका गेला एकदाचा!" आतून सूनबाई हसली.

मग तिचं हसणं मध्येच तुटलं. दार हळूच उघडलं.

"आई," सूनबाई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "जरा परत आत येता?"